आमच्या स्कीममधला श्वानपोळा

आमच्या फ्लॅट स्कीममध्ये सात कुत्रे आहेत. कमिटीच्या मते सहा कुत्रे आणि एक अडचण. सहा जण ब्रीडचे आहेत. अडचण आमची आहे.

ती अडीच वर्षांपूर्वी कुहीजवळच्या आमच्या गावातून आली. वडील धानाच्या कामासाठी गावाला गेले होते. परत येताना मोटरसायकलवर, शर्टाच्या आत घालून तिला घेऊन आले. त्यांचं म्हणणं असं, की पोरगी घरूनच काम करते, दिवसभर कोणाशी बोलत नाही, घरात काहीतरी आवाज असावा. मी एका परदेशी दुकानाच्या वेबसाइटवर विकायला ठेवलेल्या वस्तूंची इंग्रजी वर्णनं तपासते. त्या कामात तोंड उघडावं लागत नाही, हाच मला त्याचा दिसलेला मोठा गुण. कुत्री आली, आणि आठवड्याभरात सगळ्यांच्या लक्षात आलं, की तीही बोलत नाही. कोणी घरात आलं की ती उठते, दोन पावलं मागे सरते आणि बघत राहते. आई म्हणाली, एक कमी होती का घरात.

रंग तांबडा, कान उभे, शेपटीला अर्धा वेढा. विदर्भातल्या कुठल्याही एसटी स्टँडवर अशा चार तरी दिसतील. त्यामुळे तिच्याकडे बघून कोणी विचारत नाही, की ही कुठली. हाच तिचा गुन्हा.

प्रकरण सुरू झालं ते पार्किंगमधल्या एका स्कूटरच्या सीटवरून. उन्हाळ्यात एके सकाळी सीट फाडलेली सापडली. शेजारी सेक्रेटरींचा लॅब्राडोर बसलेला होता. त्याच्या तोंडात फोमचा तुकडा होता, दुसरा तुकडा मिशीला चिकटलेला होता. कमिटीने पाहणी केली आणि निष्कर्ष काढला, की हे काम आमच्या कुत्रीचं आहे. कारण लॅब्राडोर स्वभावाने मैत्रीपूर्ण असतो, हे इंटरनेटवर लिहिलेलं आहे. गावठी कुत्र्याच्या स्वभावाबद्दल इंटरनेटवर काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे तो काहीही करू शकतो. आमची कुत्री त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर माझ्या खुर्चीखाली झोपलेली होती. पण हे सांगायला मला चार माणसांपुढे उभं राहून बोलावं लागलं असतं, म्हणून मी ते सांगितलं नाही. सीटचे पैसे वडिलांनी भरले.

त्यानंतर नियम आला. कमिटीतले एक आजोबा कोर्टात क्लार्क होते, त्यांनी तो मराठीत लिहून दिला: ज्या कुत्र्याचं मूळ सांगता येत नाही, त्याला तान्ह्या पोळ्यानंतर स्कीममध्ये ठेवता येणार नाही. यात आमचं नाव कुठेही नव्हतं. कमिटी फार सभ्य आहे. नोटीस लागल्यावर सेक्रेटरी लिफ्टमध्ये वडिलांना म्हणाले, की मनावर घेऊ नका भाऊ, गावाला एवढी मोकळी जागा आहे तुमच्याकडे, जनावर खुश राहील.

मागच्या दिवाळीला आम्ही तिला गावी नेलं होतं. ती दोन दिवस खाटेखाली बसून होती. गोठ्यातले दोन नवे कुत्रे तिला आत येऊ देत नव्हते आणि बैल हंबरला की ती थरथरायची. तिला परत तिथे सोडणं म्हणजे काय, हे मला नीट माहीत होतं. आणि माझंही सांगून टाकते. दिवसभरात मी जी काही पूर्ण वाक्यं बोलते, त्यातली निम्मी तिच्याशी बोलते.

तान्हा पोळा मध्ये कसा आला, तेही सांगायला हवं. पोळ्याला शेतकरी बैल सजवतात. दुसऱ्या दिवशी नागपुरात पोरं लाकडी बैल सजवून ओळीत उभे करतात, त्यांना बक्षिसं मिळतात. आमच्या स्कीममध्ये दरवर्षी तेच ते लाकडी बैल यायचे. सेक्रेटरींना सुचलं, की यंदा कुत्रे सजवू. बैल कोणाकडे आहेत आता? त्याला त्यांनी श्वानपोळा असं नाव दिलं आणि ग्रुपवर स्वतःच टाळ्या टाकल्या. प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात कार्ड असेल, त्यावर ब्रीड, मूळ आणि स्वभाव, तेही इंग्रजीत. म्हणजे मनोरंजनही होईल आणि नियमाची नोंदणीही.

कार्डं लिहायचं काम माझ्याकडे आलं. सेक्रेटरी घरी येऊन आईला म्हणाले, "हिची इंग्लिश मीडियमची इंग्रजी कधी कामात येणार, वहिनी? घरीच तर बसून राहते दिवसभर." मी घरी बसून नोकरी करते हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत ते लिफ्टमध्ये गेले होते.

मग पंधरा दिवस मी कुत्र्यांच्या जातींबद्दल वाचत बसले, आणि खरं सांगायचं तर मजा आली. न्यूफाउंडलंडच्या बर्फगार समुद्रात कोळ्यांची जाळी ओढणारे, लाटांत उडी मारून सुटलेला मासा परत आणणारे कुत्रे, ते लॅब्राडोरचे पूर्वज. आमचा लॅब पार्किंगमधल्या नळाखालचं पाणी ओलांडत नाही. तिथे थांबून रडतो, मग सेक्रेटरींचा ड्रायव्हर त्याला उचलतो. हस्की सायबेरियाचा, बर्फावरून स्लेज घेऊन दिवसभर पळणारा. आमचा हस्की दुसऱ्या मजल्यावरच्या नवरा-बायकोकडे असतो, दोघंही कॉम्प्युटरवाले. मे महिन्यात तो कूलरसमोर चारही पाय पसरून असा पडलेला असतो, की पहिल्यांदा पाहणारा माणूस हळहळतो. रॉटवायलर म्हणे रोमन फौजांच्या मागून गुरं हाकत गेलेल्या कुत्र्यांच्या वंशातला. पुढे जर्मनीतले खाटीक त्याला गाडीला जुंपायचे आणि गल्ला त्याच्या गळ्यात बांधायचे. तळमजल्यावरचा आमचा रॉटवायलर कुकरची तिसरी शिट्टी झाली की पलंगाखाली जातो. पग चीनच्या बादशहांच्या मांडीवर वाढला. हा एकच आपल्या परंपरेला धरून आहे, तो अजूनही मांडीवरच असतो. बीगल सशामागे धावणारा. त्याला ससा अजून दिसायचा आहे.

स्वभावाच्या रकान्यासाठी मात्र लोक स्वतः यायला लागले. बायोडेटात उंची एखाद्या इंचाने वाढवायची असते तशा आवाजात ते माझ्याशी बोलायचे. नागपूरच्या जुन्या महाल भागातून इकडे राहायला आलेल्या एक काकू आहेत, त्यांचा नवऱ्याच्या वडिलांपासूनचा धंदा तिकडेच आहे. त्यांच्याकडे पांढरा पोमेरेनियन आहे. दूधवाला फाटकात आला की तो भुंकायला लागतो आणि दूध तापून उतू जाईपर्यंत थांबत नाही. काकू म्हणाल्या, "भुंकते म्हणून नको लिहू वं. शांत आहे म्हण."

मी त्यांना सांगितलं, की पुस्तकात अशा कुत्र्याला 'अलर्ट' म्हणतात.

"अलर्ट म्हणजे चांगलंच असते नं?"

मी मान हलवली. त्या समाधानाने गेल्या.

या पुस्तकी भाषेत वाईट कुत्रा नाहीच. चावणारा असतो तो रक्षणशील, ऐकत नाही तो स्वतंत्र बाण्याचा, ज्याला काही कळत नाही तो सौम्य. जो कोणाकडेच जात नाही त्याला 'अनोळखी लोकांशी राखून वागणारा' म्हणतात. हे शब्द मी ओळखले. दहा वर्षं माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात शेवटच्या ओळीत ते असायचे, आणि आई दरवर्षी विचारायची, म्हणजे चांगलं का वाईट. तेव्हा मलाही सांगता आलं नव्हतं.

मूळ या रकान्यासाठी मी सगळ्यांकडे पेडिग्रीचे कागद मागितले. देश मला पुस्तकात मिळत होता, पण कुत्रा त्या देशातल्या कुत्र्यांचाच आहे हे कुठेतरी लिहिलेलं असावं, असं वाटलं. माझ्या नोकरीत तेवढी सवय लागते. सेक्रेटरी म्हणाले, कागद आहेत, लॉकरमध्ये आहेत. हस्कीवाल्यांनी सांगितलं, विकणारा मेल करणार होता. काकू म्हणाल्या, कागद कशाला, तोंड बघ नं त्याचं, खानदानी आहे. सहा घरांतून मला एकही कागद मिळाला नाही. मी सहाही कार्डांवर देशांची नावं सुवाच्य अक्षरात लिहिली.

सातवं कार्ड कोरं राहिलं.

वडिलांनी सुचवलं, की काहीतरी हाउंड लावून दे. माझे वडील हिंगण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. नटबोल्टचा एक डबा कमी आला तरी ते झोपत नाहीत. ते मला खोटं लिहायला सांगत होते, आणि सांगताना वर्तमानपत्राच्या आड बसले होते. म्हणाले, "उभे कान, तांबडा रंग. असं जगात कोठीतरी असनच नं. तू शोध." आई म्हणाली, खोटं पकडलं गेलं तर? वडील म्हणाले, कोण पकडणार, इथे कोणाले काय समजते कुत्र्यातलं.

मी शोधलं नाही, बनवलं. डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातला एक प्राचीन शिकारी श्वान. दोन राजघराणी, एक लांबलचक हिवाळा, आणि शेवटी दुर्मीळ हा शब्द. रोज वस्तूंची वर्णनं वाचून हात तयार झालेला होता. सातही कार्डांत ते सगळ्यात चांगलं उतरलं होतं. मी ते तिच्या पट्ट्याला बांधलं, आणि मला स्वतःची थोडी लाज वाटली. थोडीच. मला ती घरात हवी होती.

आता परीक्षक. सेक्रेटरींना कार्यक्रम अस्सल हवा होता. पोळा म्हटलं की ज्याच्याकडे खरे बैल आहेत असा माणूस पाहिजे, असं त्यांचं मत. पूर्ण स्कीममध्ये चौकशी केली, तेव्हा खऱ्या बैलजोडीशी कोणाची ओळख निघाली तर ती आमचीच. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडील घाबरले. मोठ्या बाबांना कुत्री कुठून आली हे माहीत होतं. त्यांच्याच गोठ्यातून आली होती. पण नाही म्हणायला कारण सुचेना. त्यांनी फोनवर मोठ्या बाबांना एवढंच सांगितलं, की पोळ्यात परीक्षक म्हणून या. जनावर कोणतं, ते सांगायचं राहून गेलं. वडिलांचं असं पुष्कळ राहून जातं.

तान्ह्या पोळ्याला दुपारी महालाकडे मारबतीच्या मिरवणुकीने रस्ते बंद होते, त्यामुळे मोठे बाबा शहराला वळसा घालून दोन बस बदलत संध्याकाळी पाचला पोहोचले. पांढरं धोतर, नवी टोपी, खांद्यावर दुपट्टा. फाटकात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, आणि तोरणाखाली एका ओळीत कुत्रे. पाठीवर जरीच्या झुली, गळ्यात घुंगरं, कपाळाला बाशिंग. बैलाच्या खांद्याला जशी हळद आणि तूप चोळतात तशी कोणीतरी कुत्र्यांनाही चोळली होती. कुत्र्यांनी ती लगेच चाटायला घेतली होती, आपली संपल्यावर शेजाऱ्याची. हस्की झुलीखाली धापा टाकत होता. लॅब स्वतःचं बाशिंग खात होता.

मोठे बाबा फाटकात थांबले. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी नजर फिरवली. मग वडिलांकडे पाहिलं. वडील तोरण नीट करायला लागले.

दुसरा कोणी असता तर हसला असता किंवा परत गेला असता. मोठ्या बाबांना पोळ्यात परीक्षक म्हणून बोलावलं होतं आणि समोर जनावरं उभी होती. त्यांनी चपला काढल्या, तोरणाला हात जोडले आणि कामाला लागले.

त्यांना एकच रीत माहीत होती, बैल पाहण्याची. त्यांनी लॅबचा जबडा उघडून दात मोजले आणि म्हणाले, दात जुळले आहेत, वाढ पूर्ण झाली, आता अजून लहान आहे म्हणू नका. कपाळावर भोवरा आहे का ते बघितलं. शेपटीचं टोक हातात घेऊन केस पारखले. पंजा उचलून खालून पाहिला, खूर पाहावा तसा. खांद्यावर तळवा दाबला. मग सेक्रेटरींना म्हणाले, चालवून दाखवा. सेक्रेटरींनी पट्टा ओढला, लॅब बसला. मोठ्या बाबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून पोळ्यात म्हणतात तशी झडती म्हटली:

"बिस्कुट खाते, एसीत लोळते,
नांगर पाहून मांगं पळते!"

सवयीने सगळी स्कीम हर हर महादेव म्हणाली. मग काहींच्या लक्षात आलं, की आपण कशाला हर हर महादेव म्हटलं.

यानंतर मोठ्या बाबांनी तो प्रश्न विचारला. बाजारात बैल घेताना तो सगळे विचारतात, त्यात टोमणा नव्हता. माणसाला गाव विचारावं तसा.

"माय कोनाची?"

सेक्रेटरी म्हणाले, "लॅब्राडोर आहे, काकाजी. कॅनडाचा."

"ते झालं. माय कोनाच्या दावनीची?"

"मदर चॅम्पियन होती म्हणे."

"पायली का तुमी?"

"नाही... दुकानातून आणला नं."

बाजारात फसवला गेलेला माणूस भेटला की मोठ्या बाबांचा जसा चेहरा होतो तसा झाला. त्यांनी सेक्रेटरींच्या खांद्यावर दोनदा हात थोपटला आणि पुढे गेले. सेक्रेटरींच्या हातात माईक होता. तो त्यांनी बंद करायला हवा होता.

हस्कीवाल्या मुलाने सांगितलं, की त्यांनी ऑनलाइन मागवला. मोठ्या बाबांनी विचारलं, ते कोणत्या तालुक्यात येते. मुलगा समजावून सांगायला लागला. मोठ्या बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हाव, पन माय कोठी बांदली होती? मुलाने बायकोकडे पाहिलं. बायकोने हस्कीकडे पाहिलं.

महालातल्या काकू तयारीत होत्या. तिसरी पिढी आहे आमच्याकडे, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मोठे बाबा खुश झाले, म्हणाले, मंग माय दाखवा. तेव्हा निघालं ते असं, की पहिला पोमेरेनियन सासऱ्यांनी आणला होता, दुसरा नवऱ्याने, हा तिसरा मुलाने, आणि तिघांचा आपसात काही संबंध नव्हता. तिसरी पिढी काकूंच्या घरची होती, कुत्र्याची नव्हती. रॉटवायलरची आई कोणी पाहिली नव्हती. पगची नाही, बीगलची नाही. सहा जनावरं, पाच देश, आणि आई एकाचीही नाही. प्रत्येक उत्तर माईकमधून वरपर्यंत जात होतं. चारही मजल्यांच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं उभी होती, ती कठड्यावरून वाकून ऐकत होती.

मी शेवटी उभी होते. आमच्या कुत्रीने मोठ्या बाबांना ओळखलं होतं. तिची शेपटी हलत होती, आणि मी पट्टा आखूड धरून ती थांबवायचा प्रयत्न करत होते. मोठ्या बाबांनी ओळख दाखवली नाही. ते परीक्षक होते. दात पाहिले, भोवरा पाहिला, पंजा पाहिला. मग गळ्यातलं कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि माझ्याकडे धरलं.

"वाच वं याच्यावर काय लिवलं हाय ते. मले इंग्रजी येत नाही."

सेक्रेटरी माईक घेऊन जवळ सरकले. त्यांना वाटलं असेल, आता मजा येईल. कार्डावर माझंच अक्षर होतं. डॅन्यूब, राजघराणी, दुर्मीळ. मी ते वाचलं असतं तर मोठ्या बाबांनी ऐकून घेतलं असतं. घरच्या माणसाला चारचौघांत ते खोटं पाडत नाहीत. कमिटीकडे नोंद झाली असती, कुत्री राहिली असती. तेवढंच तर मला हवं होतं. पण मोठे बाबा माझ्यासमोर कान पुढे करून उभे होते, आणि ज्या माणसाच्या गोठ्यात ती जन्मली त्यालाच मी डॅन्यूबची गोष्ट सांगणार होते.

"यावर लिहिलंय ते खोटं आहे," मी म्हटलं. "मी बनवलंय. ही गावठी आहे, कुहीकडची. हिची आई तुमच्या गोठ्यात आहे."

ते माईकमधून चौथ्या मजल्यापर्यंत गेलं. माझा आवाज एवढा मोठा मी आधी कधी ऐकला नव्हता, आणि मला तो आवडला नाही. वडिलांनी तोरणावरचा हात काढला. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला पुस्तकात सौम्य म्हणत नाहीत.

मोठे बाबा हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि लोकांकडे वळून, सातबारा वाचून दाखवावा तशा आवाजात सांगितलं.

"हाव. माय माह्या गोठ्यातली. आता म्हातारी झाली, पन हाय. तिची माय आमच्या बाच्या वक्ताची, बाजारातून गाडीमांगं पायी पायी आली होती. तिघींचा स्वभाव एकच. उगाच भुकत नाही, चावत नाही, पाहून राहते. सापावर मात्र भुकते."

सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे गावठीच झाली नं, काकाजी. गावठीचा नियम वेगळा आहे आमच्याकडे."

तेव्हा कोर्टातले आजोबा खुर्चीतून उठले. ते आमच्या बाजूचे नव्हते, कोणाच्याच बाजूचे नसतात. ते आपल्या मसुद्याच्या बाजूचे होते. म्हणाले, "नियमात गावठी असा शब्द नाही. मूळ सांगता येत नाही, असं आहे. हिचं तीन पिढ्यांचं सांगितलं. बाकी सहांचं राहिलं."

तेवढ्यात बीगल कोणाच्या तरी पुरणपोळीवर तुटून पडला.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. घरच्या जनावराला नंबर द्यायचा नसतो, असं मोठे बाबा म्हणाले, आणि वडिलांनी त्याला मोठ्याने दुजोरा दिला, जणू तेच त्यांचं तत्त्व होतं. पहिला नंबर हस्कीला गेला. कारण विचारल्यावर मोठे बाबा म्हणाले, एवढ्या उकाड्यात हे केसं घेऊन उभं राहिलं, हे काय कमी आहे, आता त्याच्या अंगावरची झूल काढा आणि त्याले पंख्याखाली न्या. हस्कीवाल्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं कौतुक झालं.

रात्री जेवून जाताना मोठे बाबा मला एवढंच म्हणाले, की कार्ड छान दिसते, अक्षर चांगलं हाय तुहं.

पुढच्या रविवारी कमिटीची सभा झाली. नियम मागे घ्यावा असं सगळ्यांच्या मनात होतं, पण आजोबांनी सांगितलं, की नियम लागू झाला आहे, आता नोंदवही नीट करा. त्यांनी स्वतः पट्टी घेऊन वहीत एक रकाना वाढवला: आई व तिचं ठिकाण. वही भरायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. पहिल्या ओळीत मी आमची कुत्री लिहिली. ब्रीडच्या जागी गावठी, ठिकाणाच्या जागी आमचं गाव, तालुका कुही. आजोबांनी ते वाचलं, शेजारी सही केली आणि त्याखाली लिहिलं, ठेवण्यास हरकत नाही. मला वाटलं होतं, हे वाचून काहीतरी मोठं वाटेल. मला फक्त भूक लागली.

इतर सहांना कागद सादर करेपर्यंत मुदत मिळाली. तेव्हापासून आमच्या घरी पाहुणे वाढले आहेत. काकू येऊन गेल्या. त्यांनी विचारलं, की पोमेरेनियनच्या आईचं ठिकाण महालच लिहिलं तर चालेल का, कोणी तपासायला तिकडे जाणार नाही, गाडी लावायला जागा नसते.

काल सेक्रेटरी आले. त्यांनी चहा घेतला, आईच्या पोह्यांचं कौतुक केलं, आमच्या कुत्रीकडे पाहून, किती समजदार आहे हो, असंही म्हणाले. मग खुर्ची जरा पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "तुमच्या मोठ्या बाबांचा गोठा मोठा आहे म्हणतात. तिथे एखादी... म्हणजे लॅबसारखी... कधी असू शकते का? त्यांनी एक ओळ लिहून दिली असती तर बरं झालं असतं."

मी त्यांच्यासमोरच गावी फोन लावला आणि सेक्रेटरी जे म्हणाले ते तसंच सांगितलं. पलीकडे बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

"त्याले म्हन, जनावर घेऊन या," मोठे बाबा म्हणाले. "हिच्या म्हाताऱ्या मायनं त्याले जवळ येऊ देल्लं त लिहून देतो."

मी फोन ठेवला आणि सेक्रेटरींना सांगितलं, की या म्हणतात. त्यांनी विचारलं, रस्ता कसा आहे, लॅबला गाडी लागते. वडील म्हणाले, पाचगावपर्यंत चांगला आहे, पुढे जरा हळू घ्या. रविवार ठरला. वहीत लॅबच्या आईच्या रकान्यात मी तूर्त पेन्सिलने लिहिलं आहे: चौकशी चालू.